कीर्तनाची ताकद महाराजात असते की मांडवात?

रामकृष्ण हरी माउली.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की तुम्ही कराडला एम.ए. मराठी करताय, वर्गात शिकवतात की कीर्तन-प्रवचनानं महाराष्ट्र घडवला, पण गावी सप्ताहाला गेलं की तुम्हाला दिसतात महाराजांचे जोक, साउंडवाल्याचा एको आणि पुढच्या खुर्च्यांवरचे पुढारी. मग प्रवचनात माणूस बदलायची ताकद खरंच असते का, आणि असलीच तर ते शेवटी तोंडचं बोलणं, साहित्याच्या अभ्यासात ते कशाला घेतात.

मी कडेगाव तालुक्यातली, वारकरी पद्धतीचं कीर्तन करते, निम्मं आयुष्य सातारा-सांगलीच्या गावांत मांडवात उभं राहण्यातच गेलं, त्यामुळं पुस्तकी उत्तर तुमचे सर देतील, मी मांडवातलं देते. ताकद असते. फक्त तुम्ही ती बघताय महाराजांकडं आणि ती असते समोर बसलेल्यांकडं. हे नम्रता म्हणून सांगत नाही, कामाचा भाग म्हणून सांगतेय.

आधी हे बघा की कीर्तनाला कोण येतं आणि कशाला येतं. नवीन काही कळावं म्हणून कुणीही येत नाही. मी अभंग लावते तो तुकोबांचा किंवा माउलींचा, नाथांचा, नामदेवांचा, जनाबाईंचा, आणि तो समोरच्या निम्म्या लोकांना पाठ असतो, म्हाताऱ्यांना तर माझ्यापेक्षा जास्त पाठ असतो, एखादा चरण पुढंमागं झाला तर मागून टाळकरीच दुरुस्त करतात. आमच्यात स्वतःची कविता म्हणायची चाल नाही. जे बोलाल त्याला संतांचं प्रमाण लागतं. आता प्रमाण देतात कसं ते नीट ऐका कधीतरी. मी म्हणते, "बोले तैसा चाले..." आणि थांबते. पुढचं "त्याची वंदावी पाउलें" मांडव म्हणतो. मी नाही म्हणत. हे थांबणं म्हणजेच सगळी कला आहे असं मला वाटतं, बाकी गळा, चाल, पाठांतर हे सगळं त्या थांबण्याच्या आधीची तयारी. कारण माणसानं स्वतःच्या तोंडानं वाक्य पुरं केलं की ते वाक्य त्याचं होतं, मग ते महाराजांनी मला ऐकवलं अशी तक्रार करायला जागा राहात नाही.

आणि दुसरी गोष्ट याहून मोठी. मांडवात तुम्ही एकटे ऐकत नाही. शेजारी चुलता बसलेला असतो, पलीकडं ज्याच्याशी बांधावरून कोर्टात केस चालू आहे तो बसलेला असतो, बायकांच्या बाजूला सून आणि सासू दोघी असतात. सगळ्यांनी एक वाक्य एकाच वेळी ऐकलं आणि सगळ्यांनी एकमेकांना ते ऐकताना बघितलं, हे जे होतं ना त्यात खरी गोम आहे. गावात दारू कोण पितो हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. कीर्तनात व्यसनावर निरूपण झालं, नाव कुणाचंच घेतलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी पारावर ते बोलायची सोय होते, "काल बुवा काय म्हणले बघितलं का" एवढ्या वाक्यावर घरातली बाई सुद्धा नवऱ्याजवळ विषय काढू शकते. दोन तासांत कुणाची दारू सुटत नाही. पण सुटायला जी सार्वजनिक जागा लागते ती तयार होते. गळ्यात माळ घालून घ्यायची पद्धत पण त्यासाठीच टिकली असणार, माळ घातलेला माणूस धाब्यावर दिसला की आख्खं गाव विचारतं.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी जनाबाईंचा अभंग लावला होता, "डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी". त्याच्या थोडं आधी, 2022 सालच्या मे महिन्यात, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता आणि आमच्या भागात त्याची बरीच चर्चा होती, हो-नाही दोन्ही बाजूंनी. मी ठरावाचं नावही काढलं नाही. जनाबाई कोण होती, कुणाच्या घरी राबत होती, भरल्या बाजारात जाईन असं म्हणायला तिला काय सोसावं लागलं असेल, आणि पंढरीच्या वाटेवर बुक्का लावताना कुणी कुणाला तुझा नवरा आहे का असं विचारतं का, एवढंच बोलले. कीर्तन संपल्यावर यजमान घरातल्या आजी उठल्या आणि मागं खांबाजवळ बसलेल्या स्वतःच्या विधवा जावेला हाताला धरून पुढं आणलं आणि सगळ्या बायकांबरोबर कुंकू लावलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी काही बोललंही नाही. आता तुम्ही म्हणाल ताईंच्या कीर्तनानं घडलं, तर तसं नाहीये हो, त्या आजींच्या मनात ते किती वर्षं असेल कुणास ठाऊक, फक्त घरात एकटीनं केलं असतं तर भावकीनं वाळीत टाकायच्या गोष्टी केल्या असत्या आणि मांडवात केलं तर सगळेच साक्षीदार झाले. मी फक्त निमित्त पुरवलं. कीर्तनाची ताकद मोजायची तर अशी मोजावी असं माझं मत.

आता साहित्याकडं येते. तुमच्या प्रश्नातला "ते तर बोलणं आहे" हा भाग मला जरा खटकला, कारण मराठीत आधी बोलणं झालं आणि मग ते कुणीतरी उतरवून घेतलं, जुन्या मराठीतला मोठा भाग असाच आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निरूपण करत फिरले, स्वतः काही लिहीत बसले नाहीत. त्यांच्यामागं म्हाइंभटांनी लोकांना भेटून आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र झालं, केसोबासांनी त्यांची वचनं आणि दृष्टांत जुळवले. मराठी गद्य म्हणून तुम्ही जे पहिल्यांदा शिकता ते कानानं ऐकून साठवलेलं बोलणं आहे. आणि ते मराठीतच का राहिलं त्याचं कारण पण ऐकणाऱ्यांतच आहे, केसोबास संस्कृतात लिहायला निघाले तर नागदेवाचार्यांनी अडवलं की नको रे बाबा, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील, म्हणजे त्यांच्या हाती काहीच लागणार नाही. म्हाताऱ्या म्हणजे पुढं बसून ऐकणाऱ्या बायका. ग्रंथ कुठल्या भाषेत लिहायचा ते मांडवातल्या म्हाताऱ्यांवरनं ठरलं, यापेक्षा अजून काय पाहिजे.

ज्ञानेश्वरी तर सरळसरळ प्रवचनच. नेवाशाला माउली सांगतायत, सच्चिदानंदबाबा लिहून घेतायत, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290, हे ग्रंथाच्या शेवटी स्वतःच सांगितलंय. तुम्ही परीक्षेसाठी नववा अध्याय काढा आणि पहिल्याच ओवीवर थांबा. "तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे". इथं गीता बाजूला राहते आणि आधी श्रोत्याला म्हणतात बाबांनो लक्ष द्या, एवढं एकच द्या. मग लगेच पुढं म्हणतात मी मोठेपणानं बोलत नाही, तुमच्यासारख्या जाणत्यांच्या सभेत सलगीनं विनवणी करतोय. हे कुठल्याही चांगल्या कीर्तनकाराचं पहिलं पाच मिनिटांचं काम आहे, मांडव जागेवर आणायचं. पुढंही ठिकठिकाणी श्रोते बोलतात, पाल्हाळ झालं की निवृत्तिनाथ भानावर आणतात, माउली म्हणतात बरं बरं मूळ कथेवर येतो. छापील पुस्तकात वाचणाऱ्याला हे सजावट वाटतं. ज्याला मांडवाची सवय आहे त्याला तिथं माणसं बसलेली दिसतात.

समर्थांचं तर आपल्या साताऱ्यातच सगळं, चाफळ, सज्जनगड, शेवटही गडावरच, 1682 साली. दासबोध उघडा, सुरुवातच "श्रोते पुसती कोण ग्रंथ" अशी आहे, म्हणजे पहिला शब्द श्रोते. आणि पहिल्या दशकातला स्तवनांचा क्रम बघा, माझी फार आवडती जागा आहे ती. गणेश, शारदा, सद्गुरू, संत, मग सहाव्या समासात श्रोते आणि त्यानंतर सातव्यात कवी. कवींच्या आधी श्रोत्यांना नमस्कार! समर्थ उगीच काही करणारे नव्हते. चौदाव्या दशकात कीर्तन कसं करावं त्यावर एक आख्खा समास आहे, "कलयुगीं कीर्तन करावें । केवळ कोमळ कुशळ गावें । कठीण कर्कश कुर्टें सांडावें । येकीकडे", ही ओवी क वर, पुढची ख वर, अशी अक्षरावर अक्षर चालतात. शिकवताना शिकवायची गोष्ट कानात वाजली पाहिजे हे तिथंच करून दाखवलंय. मोठ्यानं म्हणून बघा, मनात वाचू नका, मनात वाचलं तर निम्मी मजा जाते.

मिरजेला वेणाबाईंचा मठ आहे तिथं अजून गेला नसाल तर जाऊन या. समर्थांच्या शिष्या, बालविधवा, त्या काळात उभं राहून कीर्तन करायच्या असं परंपरेत सांगतात, सीतास्वयंवर लिहिलं त्यांनी. मला सुरुवातीला एका गावानं कीर्तनाचं आमंत्रण म्हणून नारळ दिला आणि मग बाई आहे म्हणून उंबऱ्याच्या आतल्या मंडपात नको, बाहेर पटांगणात करा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी मनात वेणाबाईंचं नाव घेतलं आणि पटांगणात केलं. गर्दी पटांगणातच जास्त मावते, तो भाग वेगळा.

पण प्रवचनानं साहित्य कसं जन्माला येतं याचा सगळ्यात पक्का पुरावा मागाल तर मी बहिणाबाई सांगेन, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या. (खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, दरवर्षी कुणीतरी घोळ घालतंच.) त्यांनी स्वतःचं चरित्र अभंगात लिहून ठेवलंय. नवऱ्याबरोबर कोल्हापूरला राहात असताना, जेमतेम अकरा-बारा वर्षांची पोर, तिथं जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायला लागली. हे जयरामस्वामी म्हणजे आपल्या खटाव तालुक्यातलं वडगाव, वडगाव जयरामस्वामी म्हणतात ते. त्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग यायचे. पोरीनं तुकाराम बघितलेला नाही, देहू बघितलेलं नाही, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून त्याचे शब्द ऐकले आणि तोच आपला गुरू असं धरून बसली. नवऱ्यानं मारलं, ब्राह्मणाच्या बाईनं शूद्राला गुरू कसं मानायचं म्हणून. ती हलली नाही. पुढं देहूला जाऊन प्रत्यक्ष कीर्तन ऐकलं आणि आपल्याला "संतकृपा झाली । इमारत फळा आली" हा अभंग मिळाला, जो आज शाळेतल्या पोरांना पण येतो. आता हिशोब करा, देहूचा वाणी अभंग करतो, खटावचा स्वामी तो कोल्हापुरात म्हणतो, एक मुलगी ऐकते आणि कवयित्री होते. छापखाना नाही, रस्ता धड नाही. कीर्तनकार नसते तर गाथा देहूच्या बाहेर किती गेली असती मला शंका आहे. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या लोकांच्या तोंडात होत्या म्हणून बुडाल्या नाहीत असंही सांगतात, ती श्रद्धेची गोष्ट असली तरी तिच्यातलं खरं हेच की गाथेची दुसरी प्रत मांडवात होती.

बाकीचं भराभर सांगते नाहीतर उत्तर संपणार नाही. श्रीधरस्वामी नाझऱ्याचे, म्हणजे माणदेशाच्या शेजारचेच, हरिविजय 1702 चा, रामविजय त्याच्या पुढच्या वर्षीचा, या पोथ्या श्रावणात एकानं वाचायच्या आणि एकानं अर्थ सांगायचा म्हणूनच घरोघर गेल्या. मोरोपंतांच्या आर्या हरदासांनी, म्हणजे नारदीय कीर्तनकारांनी, जिवंत ठेवल्या, नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान असतं, तिथं आर्या, श्लोक, दिंडी, साकी सगळं लागतं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणून कथा पुढं न्यायचा आणि पात्रं आपापलं बोलायची, त्यामागं कर्नाटकातले खेळ होते हे खरं पण समोर बसलेल्या सांगलीकरांच्या कानाला हे वळण हरदासांनी आधीच लावलेलं असणार असं मला नेहमी वाटतं. आणि विष्णू दिगंबर पलुसकर, ज्यांनी गाणं दरबारातून लोकांत आणलं, ते कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे चिरंजीव, मिरजेला शिकले. लोकांसमोर गायचं म्हणजे काय हे त्यांनी घरातच बघितलं होतं.

दुसऱ्या धर्मांत पण बघितलं तर हेच सापडतं. बौद्ध सुत्तांची सुरुवात "एवं मे सुतं", म्हणजे मी असं ऐकलंय, या शब्दांनी होते. तिथंही ग्रंथ ऐकणाऱ्याच्या तोंडून सुरू होतो. येशूचं डोंगरावरचं प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात पाच ते सात अध्यायांत आहे, त्यात पुन्हा पुन्हा येतं की तुम्ही असं ऐकलेलं आहे, पण मी तुम्हाला सांगतो. आधी ओळखीचं वाक्य, मग त्याला कलाटणी, आमच्या प्रमाणाच्या अगदी जवळचं. जुम्म्याच्या नमाजाआधी खुतबा होतो तो गप्प बसून ऐकायचा असा दंडकच आहे. आपल्या सांगली-मिरज भागात जैन समाज मोठा, मुनींच्या चातुर्मासात गावंच्या गावं प्रवचनाला लोटतात, आणि मी स्वतः जाऊन बसलेय, मुनी अतिशय सावकाश बोलतात आणि लोक ऐकतात, कारण बोलणारा अनवाणी चालत आलाय आणि दिवसातनं एकदाच जेवतो हे सगळ्यांना दिसत असतं. गोव्यात फादर स्टीफन्सनी क्रिस्तपुराण लिहिलं, 1616 साली छापलं, ते ओवीत लिहिलं. ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती मोडण्यापेक्षा तिच्यातनंच आत जावं हे त्या परदेशी माणसाला कळलं, आणि जाता जाता मराठीची एवढी स्तुती करून गेला की आपण भाषणात वापरतो. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग 1963 साली वॉशिंग्टनला बोलले ते मूळचे चर्चमधले उपदेशक, लिहून आणलेलं वाचत होते, तेवढ्यात मागनं गायिका महालिया जॅक्सन ओरडल्या की त्यांना स्वप्नाचं सांग, आणि मग कागद बाजूला राहिला. मागनं टाळकऱ्यानं धृपद उचलून द्यावं तसंच ते.

आता आपल्याकडं हे हत्यार ज्यांनी सगळ्यात नीट वापरलं ते गाडगेबाबा. वर्णन वाचलं असेलच, आधी खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, पाया कुणाला पडू द्यायचे नाहीत. त्यांची पद्धत म्हणजे प्रश्न. सांगायचं कमी आणि विचारायचं जास्त, आणि समोरून उत्तर येईस्तोवर सोडायचं नाही. कर्ज काढून सण करावा का? नाही. मोठ्यानं बोला! नाही! हजार माणसं नाही म्हणाली की त्यातल्या सावकाराच्या दारात उद्या जाणाऱ्याला स्वतःचा आवाज आठवतो. मधनंच "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला". कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, कामाला त्यांचा पाठिंबा होता, कराडच्या रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजला 1954 मध्ये त्यांचं नाव दिलं ते उगीच नाही. तुम्ही त्याच गावात शिकताय म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि ज्यांना भटजींची पुराणं नको होती त्यांनी काय केलं? सत्यशोधकांनी जलसे काढले, तमाशाचा गण-गवळण-वग घेतला आणि त्यात आपला उपदेश भरला, साताऱ्याकडं त्याचा मोठा जोर होता. क्रांतिसिंह नाना पाटील त्याच हवेत वाढले, येडेमच्छिंद्रचे, प्रतिसरकार उभारताना त्यांची भाषणं ऐकायला लोक बैलगाड्या जोडून जायचे असं आमच्या घरातले म्हातारे सांगायचे. शेतकऱ्याची बोली, ओळखीचे दाखले, मधेच हशा आणि मग एकदम वर्मावर बोट. देवाचं नाव कमी असेल, बाज मांडवातलाच. त्यामुळं कीर्तन धर्माचं आणि भाषण राजकारणाचं अशी रेघ आपल्या भागात तरी मारता येत नाही.

बरं, तुम्हाला जे जोक आणि एको दिसतात ते खोटं नाही. मी झाकून ठेवणार नाही. ज्या गोष्टीत गाव एकत्र बांधायची ताकद आहे तिच्यात गाव भडकवायची पण आहे, मांडव हसतो तसा मांडव चिडतो सुद्धा, आणि एकत्र चिडलेल्या माणसाला पण आपण बरोबर आहोत असंच वाटतं. मुलींच्या जीन्सवर, सुनांच्या मोबाईलवर विनोद करून हशा घेणं सगळ्यात सोपं असतं, कारण ज्यांच्यावर विनोद आहे त्यांना मांडवात उलट बोलायची मुभा नसते. मी याला कीर्तन म्हणत नाही, कुणी कितीही मोठं असो. भीती घालणं हा दुसरा सोपा मार्ग. अमेरिकेत 1741 साली जोनाथन एडवर्ड्स नावाच्या पाद्र्यानं नरकाच्या आगीवर असं प्रवचन दिलं की लोक ओरडायला रडायला लागले आणि त्याला मधे थांबावं लागलं, इंग्रजीवाले ते आजही साहित्य म्हणून शिकतात. वाचायला जबरदस्त असेल. पण भीतीनं धरलेली माणसं सकाळी सुटतात असा माझा अनुभव, आमच्याकडं यमपुरीचं वर्णन ऐकून रडलेले दुसऱ्या दिवशी बांध कोरताना दिसतात.

पैशाचं पण बोलायलाच पाहिजे. तुकोबांनी स्पष्ट सांगून ठेवलंय, "जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें", बुक्का लावून घेऊ नका, मानाची माळ घालून घेऊ नका, बैलाला दाणाचारा सुद्धा मागू नका, आणि शेवट "द्रव्य घेती । देती तेही नरका जाती". घेणारा तर गेलाच, देणारा पण. हा अभंग फार कमी लोक कीर्तनाला लावतात, कारण उघड आहे. माझं म्हणणं असं की मृदंगवाल्याला, गायकाला, गाडीला पैसे लागतात, ते गावानं द्यावेत, त्यांची पोटं आहेत. पण आकडा ठरल्याशिवाय तारीख नाही हे मला पटत नाही, आणि यात देव कोपेल असलं काही मला म्हणायचं नाही, यात धंद्याचा तोटा आहे. मांडवाला पाकिटाचा आकडा कळलेला असतो हो. तुकोबांचं वैराग्याचं प्रमाण देऊन मी थांबले आणि समोरून कुणी चरण पुराच केला नाही, तर काय समजायचं? तेच ते. बोलणाऱ्याचं वागणं गावाला दिसत असतं म्हणून त्याच्या शब्दाला वजन, आणि ते दिसायचं थांबलं की उरतो फक्त आवाज.

मोबाईलवरच्या क्लिपांचं पण तसंच. लाखोंनी बघतात, चांगलं आहे, परदेशातल्या लेकरांना ऐकायला मिळतं. पण तिथं शेजारी चुलता नसतो. एकट्यानं बघितलं, हसला, पुढं सरकवलं. एकट्यानं ऐकण्या-वाचण्याचं मोल नाही असं नाही, माणमधल्या गोंदवल्याच्या महाराजांची प्रवचनं रोज एक पान अशी कितीतरी घरांत वाचतात, माझी आई वाचायची, देवाजवळ बसून, मोठ्यानं. ती पण मोठ्यानं वाचायची, हे लक्षात घ्या, स्वयंपाकघरातल्यांना ऐकू जावं म्हणून.

तुमच्या अभ्यासासाठी एक काम सुचवते. कुठल्याही गावचा सप्ताह बघा, फार नावाजलेले महाराज असलेला नको. वही घेऊन जा आणि महाराज काय बोलतात ते लिहूच नका. मांडवानं कुठला चरण पुरा केला, कुठं नाही केला, बायकांच्या बाजूनं कुठला आला आणि पुरुषांच्या बाजूनं कुठला, तरुण पोरांना कुठला येतो, एवढंच टिपा. मग घरी येऊन ते चरण गाथेत शोधा, छापील पाठ आणि लोकांच्या तोंडचा पाठ यात फरक दिसेल, एखादा शब्द बदललेला, एखादी ओळ दुसऱ्याच अभंगातली येऊन चिकटलेली. तुमच्या प्रबंधाला याच्यापेक्षा चांगलं साहित्य मिळणार नाही आणि हे कुठल्या लायब्ररीतही नाही. आषाढीच्या आधी माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते, तेव्हा मुक्कामाला दिंड्यांतली रात्रीची कीर्तनं पण ऐका, तिथं चालून दमलेली माणसं कुठल्या ओळीला जागी होतात तेही लिहा.

बसताना पुढं खुर्च्यांच्या रांगेत बसू नका, तिथून फक्त महाराज दिसतात. मागं खांबाजवळ बसा. आणि काल्याच्या दिवशी जेवल्याशिवाय निघू नका, तो न जेवायचा अभंग आम्हाला आहे, श्रोत्यांना नाही.